बेटावरची उतरंड

आपल्या कुठल्याही सभेत नेल्सन मंडेलांचं नाव घ्या, टाळी पडते. २७ वर्षं तुरुंग, मग राष्ट्राध्यक्ष. वक्ता एका दमात सांगून मोकळा होतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. रॉबेन बेट म्हणजे मंडेलांचं बेट, एवढंच आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हे अर्धवट आहे. आणि अर्धवट इतिहास कुणाच्या फायद्याचा असतो, हे आपल्याला तरी कुणी शिकवायला नको.

मंडेला त्या बेटावर १९६४ ते १९८२ अशी १८ वर्षं होते. बेट माणसं गिळतंय १६५८ पासून. म्हणजे मंडेलांच्या आधी तीनशे वर्षं तिथं कुणीतरी मरत होतं. ते कोण होते? त्यांची नावं टाळ्यांच्या सभेत का येत नाहीत? हा प्रश्न मी आज आपल्याच माणसांना विचारतो आहे. प्रस्थापितांना विचारून काही उपयोग नाही. त्यांना तर नावं विसरण्याचाच पगार मिळतो.

आधी भूगोल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊन शहर. त्याच्यासमोर टेबल बे नावाचा उपसागर. त्यात किनाऱ्यापासून सातेक किलोमीटरवर हा सपाट दगडी तुकडा. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटर, आपल्याकडच्या एखाद्या गावच्या शिवाराएवढं. मधलं पाणी बर्फासारखं गार आणि ओढ जबरदस्त. डच लोकांनी सील प्राण्यांवरून नाव ठेवलं, रॉबेन. शहरात उभं राहिलं की बेट दिसतं, बेटावर उभं राहिलं की शहर आणि त्यामागचा टेबल पर्वत दिसतो. हे ध्यानात ठेवा. नकोशी माणसं लई लांब नेऊन टाकायची नसतात. ती नजरेच्या टप्प्यात ठेवायची असतात, म्हणजे बाकीच्यांना जरब बसते. आपला गावकुसाबाहेरचा वाडाही गावापासून काही दहा कोस लांब नव्हता. हाकेच्या अंतरावर होता. हाक मारली की काम करायला यावं, आणि एरवी सावली पडू नये, एवढ्या बेताचं अंतर.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं केपला ठाणं टाकलं. तिथं आधीपासून खोईखोई लोक गुरं चारत होते. त्यांच्यातला ऑत्शुमातो नावाचा पुढारी कंपनीचा दुभाषी होता. गोऱ्यांना स्थानिक भाषा येत नव्हती तोवर तो कामाचा होता. गुरांवरून तंटा झाला, १६५८ साली त्याला या बेटावर टाकलं. दुसऱ्या वर्षी एका फुटक्या होडीतून तो निसटला. या बेटावरून सुटून जिवंत किनाऱ्याला लागलेले फार थोडे, त्यातला हा एक.

त्याची पुतणी क्रोटोआ. लहानपणीच ती कंपनीच्या प्रमुखाच्या घरात आली, डच शिकली, तीही दुभाषी झाली. दोन्ही बाजूंचे करार तिच्या जिभेवरून गेले. १६६४ साली कंपनीच्या एका डॉक्टरशी चर्चच्या रीतीनं तिचं लग्न लागलं. नवरा परदेशात मारला गेला. मग लगेच ती दारुडी झाली, बदफैली झाली, रानटी झाली. लेकरं काढून घेतली आणि तिला बेटावर हाकललं. १६७४ साली ती मेली. काम होतं तोवर पोरीसारखी आणि काम संपल्यावर छिनाल, हा हिशोब आपल्या आयाबायांना परका नाही.

पुढं शंभर-सव्वाशे वर्षं कंपनी आपल्या साऱ्या साम्राज्यातली नकोशी माणसं इथं आणून टाकत राहिली. जावा-मदुरा भागातले बंडखोर राजपुरुष, मुसलमान धर्मगुरू, पळालेले गुलाम, चोर, खलाशी. १७३५ साली दोन कैद्यांना, क्लास ब्लँक नावाच्या खोई माणसाला आणि रायकार्ट याकोब्झ नावाच्या डच खलाशाला, समलिंगी संबंधाच्या गुन्ह्याखाली समुद्रात बुडवून मारलं. एक काळा, एक गोरा. दोघांनी एकमेकांना जवळ केलं, हा त्यांचा अपराध.

नंतर इंग्रज आले. १८१९ साली खोसा लोकांच्या मखांडा नावाच्या धर्मपुरुषानं हजारो माणसं घेऊन ग्रॅहमस्टाउनच्या इंग्रजी छावणीवर भर दिवसा चाल केली. हरल्यावर, लोकांची कत्तल थांबावी म्हणून तो स्वतःहून स्वाधीन झाला. त्याला बेटावर टाकलं. तिथून पळताना त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. खोसा लोकांनी कैक वर्षं त्याचं मरण मानलं नाही, त्याच्या वस्तू जपून ठेवल्या. २०१८ साली त्या ग्रॅहमस्टाउनचं नाव बदलून मखांडा ठेवण्यात आलं. नामांतर म्हणजे काय, त्यासाठी किती पिढ्या जातात, हे मराठवाड्यातल्या पोरांना सांगायची गरज नाही.

इथवर आपल्याला सोपं जातं. बंडखोर होते, राजाशी भांडले, बेटावर गेले. टाळी. आता पुढचं ऐका, कारण पुढं टाळी पडत नाही.

१८४६. केप कॉलनीचा सचिव जॉन माँटेग्यू. त्याला डोंगरातून रस्ते आणि घाट काढायचे होते, मजूर पाहिजे होते. त्यानं बेटावरचे धडधाकट कैदी उचलले आणि मुख्य भूमीवर रस्त्याच्या कामाला जुंपले. बेट रिकामं झालं. मग रिकाम्या बेटावर कोण नेऊन टाकलं? ज्यांच्याकडून रस्ता होणार नाही ते. कुष्ठरोगी, वेडे, आणि बरे न होणारे दरिद्री आजारी. नाव दिलं 'जनरल इन्फर्मरी'. म्हणजे इस्पितळ. कैद्यांच्या कोठड्या होत्या त्याच पुढं रोग्यांच्या कामी आल्या.

या एका अदलाबदलीत सगळा समाजशास्त्राचा ग्रंथ आहे. ज्याच्या अंगात काम आहे त्याला साखळी घालून इकडं आणा, ज्याच्या अंगात काम उरलं नाही त्याला दवाखाना म्हणून तिकडं फेका. दया आणि शिक्षा, दोन्हींचा पत्ता एकच. एका कागदानं गुन्हेगार मजूर झाला, दुसऱ्या कागदानं आजारी माणूस कैदी झाला. गुन्हा कुणी केला होता? बोटं झडलेल्या बाईनं? रात्रभर स्वतःशी बोलणाऱ्या पोरानं?

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेननं १८७३ साली दाखवून दिले. रोग कळला, म्हणून भीती कमी व्हायला हवी होती. झालं उलटं. केपमध्ये १८८४ साली कुष्ठरोग दडपण्याचा कायदा झाला आणि १८९२ पासून त्याचा अंमल सुरू झाला. दडपण्याचा, हा शब्द माझा नाही, कायद्याच्या नावातलाच आहे. रोग दडपता येत नाही, म्हणून रोगी दडपला. घरातून उचलून सक्तीनं बेटावर. बाप्ये एकीकडे, बाया दुसरीकडे, कारण यांनी पोरं जन्माला घालू नयेत. १८९५ साली त्यांच्यासाठी चर्च बांधलं. हर्बर्ट बेकर नावाच्या मोठ्या वास्तुविशारदानं नकाशा काढला. आत बाकं नव्हती. ज्याला बसवत नाही त्यानं उभं राहावं, ज्याला उभं राहवत नाही त्यानं फरशीवर पडावं, आणि देवाचे आभार मानावेत.

हे लोक गप्प होते असं समजू नका. १८९० च्या दशकात बेटावरच्या कुष्ठरोग्यांनी हुकूम मोडले, तक्रारी केल्या, थेट राणी व्हिक्टोरियापर्यंत अर्ज पाठवले. आम्ही कुठला गुन्हा केला, आम्हाला घरी का जाऊ देत नाही, आमच्या बायकापोरांपासून का तोडलं? झडलेल्या बोटांत लेखणी धरून मागितलेला हा न्याय. याला राजकारण म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पण मुक्तिलढ्याच्या इतिहासात या अर्जाला ओळही मिळत नाही. कारण अर्जदार दिसायला बरा नव्हता. त्याचा फोटो पोस्टरवर चालत नाही.

वेड्यांतही रंग होता. १८९१ साली केपटाऊनजवळ व्हॅल्केनबर्ग नावाचं नवं इस्पितळ निघालं आणि गोरे वेडे आधी तिकडं नेले. काळे वेडे बेटावरच मागं राहिले. म्हणजे शुद्ध हरपलेल्या माणसाचीही कातडी शुद्धीवर होती! शेवटचे कुष्ठरोगी १९३१ साली प्रिटोरियाला हलवले. त्यानंतर त्यांची राहती घरं जाळून-पाडून टाकली. चर्च तेवढं ठेवलं, आणि कबरी. कबरी जाळता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, आफ्रिकेचं उगाळून आम्हाला काय करायचं? मग घरचं घ्या.

केपमध्ये तो कायदा लागू झाला त्याच दशकात, १८९७ साली बर्लिनला कुष्ठरोगावर जागतिक परिषद भरली आणि रोग्यांना वेगळं काढा म्हणून ठराव झाला. १८९८ साली हिंदुस्थानात इंग्रजांनी 'लेपर्स ॲक्ट' केला. राज्य तेच, राणी तीच. या कायद्यानं पोलिसाला निराधार कुष्ठरोगी वॉरंटाशिवाय पकडता येत होता. निराधार हा शब्द नीट बघा. पैसेवाल्याच्या रक्तपितीला हा कायदा हात लावत नव्हता, भीक मागणाऱ्याच्या रक्तपितीला लावत होता. गुन्हा रोगाचा नव्हता, गरिबीचा होता. आणि त्याच कायद्यात रोग्याला सार्वजनिक विहिरीचं, तळ्याचं पाणी भरायला, तिथं आंघोळ करायला बंदी घालायची सोय होती.

तळं! दोस्तांनो, २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ते तळं आपल्याला रूढीनं बंद होतं. कुष्ठरोग्याला ते छापील कायद्यानं बंद करता येत होतं. आपण चवदार तळ्याची आठवण दर वर्षी काढतो, काढलीच पाहिजे. पण तो १८९८ चा कायदा या देशाच्या पुस्तकातून २०१६ साली गेला. स्वातंत्र्यानंतर ६९ वर्षं तो कागदावर जिवंत होता. तोवर आपल्यातल्या किती जणांना तो ठाऊक होता?

तसंच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी, जन्मला की गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली, हजेरी लावली, आणि त्याच माणसांच्या हातांनी गिरण्या चालल्या. माँटेग्यूचे रस्ते आणि सोलापूरच्या गिरण्या एकाच डोक्यातून निघाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा उठला, माणसं 'विमुक्त' झाली. सेटलमेंट हा शब्द मात्र सोलापुरात वस्तीचं नाव म्हणून राहिला. पाणी नसलं तरी बेट होतं. त्याला समुद्र लागत नाही, यादी लागते. कोण आत आणि कोण बाहेर याची यादी, आणि ती करणारा कारकून.

आता परत रॉबेनला चला. १९६१ साली वर्णद्वेषी सरकारनं तिथं कडक बंदोबस्ताचा तुरुंग उघडला. कैदी सगळे बिगरगोरे, पहारेकरी सगळे गोरे. १९६४ च्या रिव्होनिया खटल्यात आठ जणांना जन्मठेप झाली. सात जण बेटावर गेले. आठवा डेनिस गोल्डबर्ग. खटला तोच, कलम तेच, शिक्षा तीच, पण तो गोरा होता म्हणून प्रिटोरियाच्या गोऱ्या तुरुंगात गेला. जन्मठेपेतही पंगत वेगळी!

आणि बेटावर आत पोचल्यावर? तिथंच खरी गोष्ट आहे. सातांपैकी सहा आफ्रिकन, एक अहमद कथराडा, हिंदी वंशाचा. कथराडा ३४ वर्षांचा, सगळ्यात लहान. मंडेला ४५ चे, सिसुलू ५२ चे. कथराडाला लांब पँट मिळाली, मंडेला-सिसुलूंना आखूड चड्डी. कारण गोऱ्याच्या भाषेत आफ्रिकन माणूस म्हातारा झाला तरी 'बॉय'. आपल्याकडं पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोर 'अरे महारा' म्हणायचं, तेच हे.

जेवणाचंही तसंच. तुरुंगाच्या तक्त्यात एक रकाना 'कलर्ड आणि एशियाटिक', दुसरा 'बांटू'. पहिल्याला रोज पाव. दुसऱ्याला पाव नाही, मक्याच्या कण्या. पहिल्याला जॅमचा थेंब, दुसऱ्याला तोही नाही. औंसात मोजून. एका खाणीत चुनखडी फोडणारे, एका उन्हात डोळे खराब करून घेणारे कैदी, आणि ताटात उतरंड. हा तक्ता १९७९ साली गेला. म्हणजे पंधरा वर्षं पावासाठी भांडावं लागलं.

बाबासाहेबांनी याला नाव दिलं होतं, श्रेणीबद्ध विषमता. नुसती विषमता असती तर खालचे सगळे एक झाले असते. पण उतरंडीत प्रत्येक मडक्याच्या खाली दुसरं मडकं असतं, म्हणून कुणीच उतरंड ढकलत नाही. गोऱ्या जेलरनं बाबासाहेब वाचले नव्हते. त्याला वाचायची गरज नव्हती. राज्य करणाऱ्याला ही विद्या जन्मतःच येते. हिंदी माणसाला पावाचा तुकडा टाका, म्हणजे तो आफ्रिकन माणसाकडं खाली बघेल. लांब पँटवाला आखूड चड्डीवाल्याशी मनातून तुटेल. मग पहाऱ्याला माणसं कमी लागतील.

ते झालं नाही. का झालं नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावं. कथराडाच्या मनात आलं, माझ्या वडीलधाऱ्यांना जे मिळत नाही ते मला नको. त्याच्या आफ्रिकन साथींनी त्याला अडवलं. त्यांचं म्हणणं होतं, मिळालेलं सोडू नकोस. आपल्याला सगळ्यांना आखूड चड्डीत उतरायचं नाही, सगळ्यांना लांब पँटीत चढायचं आहे. त्यानं पँट ठेवली. पाव वाटून खाल्ला. आणि तक्ता मोडेपर्यंत सगळे मिळून लढले.

आता आपल्याकडं बघा. आपल्यात कुणाला पाव मिळालाय, कुणाला अजून कण्याच आहेत. महार आणि मांग, मांग आणि चांभार, चांभार आणि ढोर, आणि या सगळ्यांच्या खाली सरकवून ठेवलेला गटारात उतरणारा भाऊ, आणि यादीतच धड नसलेला पारधी. एकानं मागितलं की दुसरा म्हणतो, माझा पाव जातोय. दुसऱ्याला मिळालं की तिसरा म्हणतो, त्याची पँट काढा. आणि तक्ता लिहिणारा वर खिडकीत बसून हसतोय. पाववाल्यानं पाव लपवून खाणं ही गद्दारी आहे. कण्यावाल्यानं त्याचा पाव मातीत पाडणं हा मूर्खपणा आहे. या दोन्हींनी तक्त्यातला एक शब्दसुद्धा बदलत नाही. पाव मिळालेल्यानं आधी बोललं पाहिजे, कारण त्याच्या पोटात बोलायचं बळ आहे. हे ज्याला पटत नाही त्यानं निळ्या झेंड्याखाली खुशाल उभं राहावं, पण मंडेलांचं नाव घेऊ नये.

मला ठाऊक आहे, आपल्यातलेच काही शहाणे काय म्हणतील. 'राजकैद्याचं समजलं. पण वेडे, रक्तपिते, चोर, धंदेवाल्या, भिकारी यांना लढ्यात घेऊन लढा बदनाम कशाला करायचा? आपण स्वाभिमानी माणसं. आपली रांग वेगळी.' बरोबर हेच वाक्य उतरंड बोलते. आपली रांग वेगळी! ज्यानं हे म्हटलं त्यानं यादी करणाऱ्याचा हक्क मान्य केला, फक्त स्वतःचं नाव खोडायची विनंती केली. विनंतीवर खोडलेलं नाव हुकमावर परत लिहिता येतं.

रॉबर्ट सोबुक्वेचं बघा. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली, तो पासविरोधी सत्याग्रह त्याच्या पक्षानं पुकारलेला. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा संपली, १९६३. सरकारनं नवं कलम केलं, शिक्षा भोगून झालेल्या माणसालाही वर्षावर्षानं अडकवून ठेवता येईल असं. ते कलम वापरलं एकट्या सोबुक्वेवर. सहा वर्षं, १९६९ पर्यंत, बेटावर एका वेगळ्या घरात एकटा, इतर कैद्यांशी बोलायची बंदी. गुन्हा नाही, शिक्षा नाही, तरी आत. आता सांगा, ही युक्ती सरकारला कुठून सुचली? कुष्ठरोग्याला गुन्ह्याशिवाय, मुदतीशिवाय त्याच बेटावर ठेवलं तेव्हा ती रुळली. रोग्यावर चालली तेव्हा कुणी बोललं नाही. मग ती पुढाऱ्यावर चालली. सगळ्यात दुबळ्यावर जो कायदा तालीम करतो, तो उद्या सगळ्यात बळकटावर चालून येतो.

म्हणून सांगतो, कुष्ठरोग्याचा अर्ज आणि सोबुक्वेची कोठडी हा एकच लढा आहे. क्रोटोआची बदनामी आणि मखांडाची होडी हा एकच इतिहास आहे. १९९१ साली बेटावरचे शेवटचे राजकैदी सुटले, साधे कैदी १९९६ पर्यंत होते. १९९७ साली तिथं संग्रहालय झालं, १९९९ साली जागतिक वारसा झाला. लोक बोटीनं जातात, मंडेलांची कोठडी बघतात, फोटो काढतात. कोठडी बघावीच. पण तिथून कबरींपर्यंतही चालत जावं लागतं, आणि ती वाट कार्यकर्त्यानं दाखवायची असते.

आपल्याकडं काय करायचं ते लांब नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तुरुंगात जात बघून कामं वाटायची नाहीत. म्हणजे तोवर तुरुंगांच्या नियमपुस्तकांत कुणी झाडायचं, कुणी रांधायचं हे जातीवर लिहिलेलं होतं. स्वतंत्र भारतात, राज्यघटना लागू होऊन ७४ वर्षांनी! निकाल लागला, म्हणून झाडू हातातून सुटत नसतो. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात आज संडास कोण साफ करतंय, हे जाऊन विचारा, लेखी विचारा. १९५९ चा मुंबईचा भिकारी-प्रतिबंधक कायदा काढून वाचा. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं २०१८ साली दिल्लीपुरती त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. मुंबईत जन्मलेल्या कायद्यावर मुंबईतल्या चळवळीनं काय केलं? कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जा. पारध्याच्या पालावर पोलीस येतो त्या रात्री जा. मनोरुग्णालयाच्या दाराशी, ज्यांना न्यायला घरचं कुणी येत नाही त्यांची गणती करा. फुलं-फळं वाटायला जाऊ नका, त्यासाठी पुष्कळ शेठ आहेत. यादी मागायला जा. कुणी लिहिली, कशावरून लिहिली, कधी खोडणार?

आणि परत आल्यावर सभेत मंडेलांचं नाव घ्या. त्याआधी क्रोटोआचं घ्या. बोटं झडलेल्या त्या अर्जदारांना नावानिशी ओळखत नसलो तरी अर्जदार म्हणून त्यांचा उल्लेख करा. टाळी पडणार नाही. न पडू दे. टाळीनं उतरंड हलत नाही. खालचं मडकं हललं की हलते.

जय भीम.